कांद्याचा अंगरखा

या सदराचे जुने वाचक मला चांगले ओळखतात. संसारातल्या किरकोळ तक्रारींवर दोन-चार पाने लिहायची आणि दिवाळीच्या फराळाबरोबर ती तुमच्यापुढे ठेवायची, हा माझा वर्षानुवर्षांचा उद्योग. चकली का मोडते, पाहुणे नेमके रविवारीच का येतात, असल्या विषयांवर मी मोठ्या अधिकाराने लिहिलेले आहे. यंदाचा विषयही स्वयंपाकघरातलाच आहे, कांद्याचा. पण या कांद्याने आमच्या घरात खरोखरीच डोळ्यांत पाणी आणले, आणि तेही चिरताना नव्हे.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, निफाड तालुक्यात दिलेली आहे. दाजींची साडेचार एकर जमीन, एक विहीर आणि घरामागे कांद्याची चाळ. चाळ म्हटल्यावर गिरगावातली डोळ्यांपुढे आणू नका. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला, खालून आणि बाजूंनी फटींतून वारा खेळेल असा, वर छप्पर घातलेला एक लांबट पिंजरा म्हणजे कांद्याची चाळ. उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमारास काढायचा, चाळीत भरायचा आणि पुढे दिवाळीपर्यंत भाव पाहून बाजारात न्यायचा, असा तिकडचा परिपाठ.

२०२३ साली फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव असे कोसळले होते की गाडीभाडेही सुटत नव्हते. त्यातून सावरावे तो एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा. दाजींचा बराच कांदा काढून शेतात पडलेला होता, तो भिजला. वरवर सुकवून मिळेल त्या भावाला देऊन मोकळे व्हावे, असा त्यांचा विचार. तसे त्यांनी फोनवर सांगितले मात्र, माझ्यातला अर्थशास्त्रज्ञ जागा झाला! एका विमा कंपनीत छत्तीस वर्षे कारकुनी केलेला, कांद्याशी संबंध भज्यांपुरता असलेला मी त्यांना म्हणालो, "दाजी, अशी घाई करू नका. आज सगळेच विकताहेत, म्हणजे दिवाळीला माल कमी पडणार. चाळीत भरा. माझं ऐका."

दाजींनी ऐकले. शहरातला मेहुणा, रोज दोन वर्तमानपत्रे वाचतो. त्याला काही कळत असेल, असे त्यांना वाटले असावे. पुन्हा पाऊस येईल या धास्तीने कांद्याच्या माना भराभर कापल्या गेल्या आणि दोनशे क्विंटल माल चाळीत पडला.

माझे भाकीत तंतोतंत खरे ठरले. ऑक्टोबरच्या अखेरीस डोंबिवलीच्या बाजारात कांदा असा भडकला की बायका पाव-पाव किलो मागू लागल्या. मी विजयी मुद्रेने आक्काला फोन लावला. पलीकडून ती एवढेच म्हणाली, "चाळ उघडली रे आज. निम्म्याहून जास्त गेला."

दुसऱ्या दिवशी मी तिथे होतो. सडक्या कांद्याचा वास कांद्यासारखा नसतो. तो कपड्यांना, केसांना, जेवणाच्या ताटालासुद्धा चिकटतो. आक्का, दाजी, दोन मजूर बायका आणि मी, तीन दिवस निवडत बसलो होतो. वरून धडधाकट दिसणारा कांदा हातात घ्यावा तो बोटे आत जात. दाजींनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. एकदा फक्त एक कांदा उचलून त्यांनी त्याच्या मानेवर अंगठा दाबला, काळपट पाणी वर आले, आणि ते म्हणाले, "मान ओली राहिली."

त्या भाऊबीजेला आक्काने ओवाळायला तबक उचलले, तेव्हा तिच्या हातांत नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. आईच्या पाटल्या पतपेढीत गेल्या होत्या, कारण भाचीच्या शिक्षणाचे आणि वसतिगृहाचे पैसे नाशिकला भरायचे होते. आक्का काही बोलली नाही. मीही बोललो नाही. तबकात ठेवलेले पाकीट मात्र मला फार हलके वाटले.

ते 'मान ओली राहिली' माझ्या डोक्यातून जाईना. एरवी मी विज्ञानाच्या वाटेला जाणारा माणूस नव्हे. शाळेत या विषयात मला काठावर ढकलले होते. पण अपराधी माणूस फार लक्ष देऊन वाचतो. कांदा का सडतो हे शोधता शोधता कांदा का टिकतो यावर आलो, आणि तिथे मला त्याची साल भेटली.

आपण जिला टरफल म्हणून केरात टाकतो तिची करामत पाहा. १९२९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉकर आणि लिंक या शास्त्रज्ञांनी एक प्रश्न धसास लावला. कांद्यावर काळे डाग पाडणारी एक बुरशी पांढऱ्या कांद्याला धरते, लाल-पिवळ्याला सहसा धरत नाही, असे का? तेव्हा त्यांना सापडले की रंगीत कांद्याच्या सुक्या पापुद्र्यात प्रोटोकॅटेच्युइक आम्ल नावाचे एक द्रव्य असते, आणि ओलाव्यात ते विरघळले की त्या बुरशीचे बीज रुजतच नाही. पुढे १९३३ मध्ये कॅटेकॉल नावाचे आणखी एक द्रव्य निघाले. म्हणजे कांदा आपल्या अंगरख्याला औषध लावूनच जन्माला येतो! (आपल्या अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या वेण्या घालून माळा टांगतात, त्यात प्रत्येक कांद्याला चहूबाजूंनी वारा लागतो. ज्याने ही रीत प्रथम पाडली त्याने विस्कॉन्सिनचे नावही ऐकले नसेल.)

पण हा अंगरखा गळ्याशी उघडा असतो. पातीची जागा, म्हणजे मान, ती वाळून चिमटली पाहिजे. ती चिमटली की आतला ओलावा आत आणि बाहेरची बुरशी बाहेर. नाहीतर औषध लावलेली भिंत बांधून दार सताड उघडे टाकल्यासारखे. आम्ही नेमके तेच केले होते. पावसाच्या भीतीने आणि माझ्या शहाणपणाने.

तेव्हापासून मला सालींचे वेडच लागले. आमच्या सूनबाईंना २०२० च्या कोरोनापासून बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन ठेवायची सवय जडली आहे. द्राक्षे आली की आधी मोरीत. "बाबा, बघा ना, केवढी पावडर आहे फवारणीची!" ती म्हणायची. आता मी तिला सांगू लागलो की द्राक्षावरचा तो पांढुरका थर बहुतांशी द्राक्षाचाच असतो. वेल फळाला तो मेणाचा हात फिरवते, म्हणजे आतले पाणी उडून जाऊ नये. फवारणीचा अंश असू शकतो, नाही असे नाही. म्हणून खायच्या वेळी खुशाल धुवावीत. पण धुऊन, मेण उतरवून, ओली पेटीत कोंबायची म्हणजे दोन दिवसांत बुरशीला हळदीकुंकवाला बोलावणे. अंड्याचे तेच. त्याच्या कवचावर एक पातळ लेप असतो आणि कवचाची बारीक छिद्रे त्याने बुजलेली असतात. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, म्हणून ती तिथे थंड कपाटातच ठेवावी लागतात. युरोपात बहुतेक ठिकाणी धूत नाहीत, आणि ती फळीवर राहतात. सूनबाईंनी हे सगळे ऐकून घेतले. द्राक्षे अजून मोरीतच जातात, पण आता पुसून ठेवली जातात. सासऱ्याने याहून जास्त यशाची अपेक्षा करू नये.

अन्न टिकवायच्या माणसाच्या युक्त्या पाहिल्या तर त्यांत दांडगाई फार. उकळा, गोठवा, खारवा, हवा काढून डब्यात कोंडा. त्यांनी आपले पोट भरले आहे, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण शीतगृहाला वीज लागते, डब्याला पत्रा लागतो, प्लास्टिकच्या वेष्टनाचे पुढे काय करायचे हे कोणालाच समजलेले नाही. आणि एवढे करूनही राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगातल्या दुकानांतून, उपाहारगृहांतून आणि घरांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यात साठ टक्के वाटा घरांचा, म्हणजे तुमचा-आमचा. चाळीत सडलेला कांदा यात धरलेला नाही, तो हिशेब निराळा. अलीकडे काही शोधक मात्र या दांडगाईच्या वाटेने न जाता साली, पाने आणि कोश न्याहाळत बसले आहेत.

त्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट रेशमाची. अमेरिकेत बोस्टनजवळ टफ्ट्स नावाचे विद्यापीठ आहे. तिथे प्राध्यापक ओमेनेट्टो यांच्या प्रयोगशाळेत रेशमावर नाना प्रयोग चालतात. त्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी एकदा पाककलेची स्पर्धा ठेवली. अट अशी की पदार्थात रेशीम हवे. बेनेदेत्तो मारेल्ली नावाच्या तरुण इटालियन संशोधकाने पाण्यात विरघळवलेल्या रेशमात स्ट्रॉबेऱ्या बुडवल्या. स्पर्धेचे बक्षीस काही मिळाले नाही, आणि ती फळे तशीच मेजावर राहून गेली. आठवड्याने पाहतात तो न बुडवलेली सडलेली, बुडवलेली अजून खाण्याजोगी! पुढे २०१६ मध्ये या मंडळींनी त्यावर रीतसर निबंध छापला. रेशमाच्या कोशातला डिंक काढून टाकला की जे प्रथिन उरते, ते पाण्यात विरघळवून फळावर चढवायचे. वाळले की त्याचा पातळ, बिनवासाचा, बिनचवीचा पापुद्रा होतो. केसाच्या जाडीहूनही पातळ. फळाचा श्वास त्याने मंदावतो आणि पाणी आत राहते. अशा स्ट्रॉबेऱ्या थंड कपाटाशिवाय सात दिवस टिकल्या.

हे मी रात्री जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितले. सौभाग्यवती आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे आता स्ट्रॉबेरीला पैठणी. आणि आम्ही पंचवीस वर्षं नुसतं ऐकतोय." शेजारच्या शहाबेन तेवढ्यात दही मागायला आल्या होत्या, त्यांनी वेगळाच प्रश्न काढला: "किडे उकळून काढलेलं रेशीम ना? मग ते आमच्यात चालणार नाही." प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात अशी फळे विकायची तर पेटीवर तसे छापावे लागेल. मला मात्र खरी मौज वाटली ती पुढे निघालेल्या कंपनीच्या नावाची. रेशमाच्या किड्याच्या शास्त्रीय नावातला अर्धा तुकडा उचलून त्यांनी तिचे नाव ठेवले 'मोरी'. संचालक मंडळात एकही मराठी माणूस नसावा!

सालीचा विषय निघालाच आहे तर बाटलीविषयीही सांगितले पाहिजे, कारण बाटलीलाही आतून साल असू शकते. आमचे नातू महाराज टोमॅटोच्या सॉसशिवाय घास घेत नाहीत. बाटलीत तळाशी दोन बोटे सॉस उरला की आमच्याकडे तीन पिढ्यांचा सामना होतो. नातू तिच्या पाठीत धपाटे घालतो, चिरंजीव ती केरात टाकायला निघतात, आणि सौभाग्यवती तिच्यात पाणी घालून, खळखळून, ते भाजीत ओततात. परवा मी त्या पातळ तांबूस पाण्याकडे पाहत होतो आणि पाठीमागच्या ताटात अळूची पाने होती. त्यांच्यावर पडलेले थेंब मोत्यासारखे घरंगळत होते.

'अळवावरचे पाणी' आपण म्हणतो ते आयुष्याच्या क्षणभंगुरतेबद्दल. जर्मनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी त्यात निराळेच पाहिले. १९७०च्या दशकात ते इलेक्ट्रॉनच्या सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पाने तपासत होते. तपासण्याआधी पाने धुवावी लागत. पण काही पाने नेहमी स्वच्छच असत, आणि आश्चर्य असे की ती गुळगुळीत नसून खडबडीत होती. कमळाचे पान त्यांत पहिले. त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि उंचवट्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब त्या टोकांवर नुसता टेकतो, खाली हवा राहते, आणि घरंगळताना तो धूळही घेऊन जातो. अळूच्या पानाची घडण त्याच जातीची. मला वाटले, झाले! बाटलीला आतून अळूचे पान करा, की सॉस घरंगळला.

तसे होत नाही. पाण्याला जे जमते ते तेलाला आणि चिकट पदार्थाला जमत नाही. ते त्या उंचवट्यांच्या मधल्या फटींत शिरून बसतात. इथे उपयोगी पडली ती घटपर्णी. मेघालयाच्या टेकड्यांत उगवणारी ही वेल किडे खाते. तिच्या पानाच्या टोकाला झाकण असलेला घडा असतो. घड्याच्या काठावर बारीक पन्हळी, त्यांत पाण्याचा पातळ थर धरलेला. मुंगीने पाय ठेवला की सुळकन आत. म्हणजे इथे गुळगुळीतपणा पानाचा नाही, पानाने धरून ठेवलेल्या ओलाव्याचा आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या जोआना आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असा पृष्ठभाग तयार करून दाखवला. जवळच एमआयटीत मद्रासच्या आयआयटीतून गेलेले कृपा वाराणसी नावाचे प्राध्यापक आहेत. (नाव कृपा असले तरी गृहस्थ.) त्यांच्या पत्नीने म्हणे एकदा विचारले, एवढे पृष्ठभागांचे संशोधन करता, या बरणीतला मध तेवढा बाहेर काढून दाखवा! गृहिणीचा टोमणा कुठेही सारखाच लागतो. त्यांनी आणि डेव्ह स्मिथ या त्यांच्या विद्यार्थ्याने खाण्यायोग्य पदार्थांचा तसाच ओला लेप बाटलीच्या आत बसवला, आणि २०१२ मध्ये त्या बाटलीतून सॉस शेवटच्या थेंबापर्यंत घसरत बाहेर येताना लोकांनी पाहिला. याचा खरा लाभ आमच्या ताटापेक्षा कारखान्यात. तिथे टाक्यांना आणि नळांना जे चिकटून राहते ते फुकट तर जातेच, वर ते धुवायला पाण्याचे लोट लागतात. आमच्या घरात अजून धपाटे आणि भाजीत पाणी हेच चालू आहे.

ही सारी विद्या घेऊन मी पुढच्या वेळी निफाडला गेलो. ओट्यावर बसून दाजींना रेशमाची कथा सांगितली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली, तंबाखू मळली आणि विचारले, "किलोला खर्च किती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

"स्ट्रॉबेरीला परवडंल," ते म्हणाले. "ती पेटीतनं जाते. कांदा पोत्यातनं जातो." मग मी दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात काढलेली विटांची शीतपेटी काढली. दोन भिंतींच्या मध्ये ओली वाळू, विजेवाचून गारवा. माठाला घाम येतो आणि पाणी गार होते, तेच तत्त्व. दाजी हसले. त्यांच्या शेजाऱ्याने टोमॅटो आणि पालेभाजीसाठी ती बांधली होती. "कांदा ठेवून बघा त्यात. आठ दिवसांत कोंब! त्याला ओल नको, वारा पाहिजे. त्याला त्याचा अंगरखा आहे साहेब. तो वाळायला दहा दिवस द्यायचे, एवढंच आपलं काम." हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते त्यांनी माझ्यासाठी केले, हे मला कळले.

यंदा एप्रिलमध्ये मी आठ दिवसांचे कपडे घेऊन गेलो. सल्ला द्यायला नव्हे. काढलेला कांदा पातीसकट असा ओळीने मांडायचा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर सावली धरील. पात वाळली की इंचभर मान ठेवून कापायची. मग झाडाखाली, सावलीत, पातळ पसरून आणखी दहा-बारा दिवस. माझ्याकडे काम आले ते निवडण्याचे: जोडकांदे बाजूला, जाड मानेचे बाजूला, डेंगळे आलेले बाजूला, हे चाळीत जायचे नाहीत, आधी विकायचे. मधे दोन संध्याकाळी आभाळ भरून आले. दाजी एकदा वर पाहत आणि एकदा माझ्याकडे. मी खाली मान घालून कांदे निवडत राहिलो. एका रात्री ताडपत्री धरून आम्ही दोघे बारापर्यंत उभे होतो. आठ-दहा थेंब पडले आणि वारा सुटला. चाळ भरताना आक्काने मला एकदाच रागावले. मी टोपली उंचावरून ओतली. "अरे, अंडी समज ती," ती म्हणाली.

सप्टेंबरात मी पुन्हा जाऊन आलो. दाजींनी चाळीची एक बाजू उघडली आणि मला म्हणाले, "घाला हात." मी कोपरापर्यंत हात घातला. आत कोरडे होते, आणि पापुद्रे सळसळले, नव्या कोऱ्या कागदासारखे. वास आला तो कांद्याचा. सगळाच टिकला असे नाही; वजनात घट यायची तेवढी आली, काहींना कोंब आले, काही टोपल्या फेकल्याही. पण त्या दिवशी आम्ही दोन तास निवडले आणि उरलेला वेळ गप्पा मारल्या.

पाटल्या अजून पतपेढीतच आहेत. गेल्या आठवड्यात आक्काचा फोन आला. भाऊबीजेला कधी निघतोस, चिवडा तिकडून आणू नकोस, येताना माझ्यासाठी तेवढी डोंबिवलीच्या दुकानातली उदबत्ती आण, असे सगळे सांगून झाले. मी म्हटले, "आक्का, इथे बाजारात कांदा आज..."

"बाळू," ती मध्येच म्हणाली, "भाऊ म्हणून ये. भाव घेऊन येऊ नकोस."